ज्याचा फोन जास्त, त्याचं देणं आधी?

पत्र

ताई, तुमचं सदर नेहमी वाचतो, पण आपणच कधी लिहू असं वाटलं नव्हतं. वय ४१. सात महिन्यांपूर्वी कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. चार महिने घरी बसून काढले. आता कंत्राटावर काम मिळालंय, महिन्याला ४६,००० हातात येतात, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. घरखर्च, मुलाची फी आणि घराच्या कर्जाचा १६,००० चा हप्ता धरून ३९,००० जातात.

दोन क्रेडिट कार्डं आहेत. थोरल्यावर २,८०,००० थकलेत, धाकट्यावर १,१५,०००. नोकरी गेल्यावर थोरल्याची मिनिमम रक्कम भरायला धाकट्यावरून रोख काढत होतो. धाकट्याची लिमिट संपली आणि गाडं अडलं. थोरल्याचे दोन महिने चुकलेत, धाकट्याचा एक. दिवसाला पंधरा-वीस फोन येतात. गेल्या महिन्यात एक जण इतका अंगावर आला, की घराच्या हप्त्यासाठी ठेवलेल्या पैशांतले ९,००० मी तिथल्या तिथे कार्डाला भरून टाकले. घराचा हप्ता बाऊन्स झाला. त्या लोकांचा मात्र फक्त एक मेसेज आला.

बायकोला नोकरीचं माहीत आहे, कार्डांचं नाही. फोन सायलेंटवर टाकून ठेवतो. परवा सात वर्षांच्या मुलाने तो उचलून आणून दिला आणि म्हणाला, “बाबा, तुझे ते काका परत.”

आईची चार लाखांची ठेव आहे. तिला कुणकुण लागलीय. “मोड आणि मोकळा हो,” म्हणते. मोडू का? की एखादं झटपट कर्ज काढून दोन्ही कार्डं एकदम मिटवू? आणि पैसे भरले नाहीत म्हणून अटक होते का? फोनवरचा माणूस तसं म्हणाला.

(नाव छापू नये.)

उत्तर

शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे आज रात्री झोप तरी लागेल. कार्डाचे पैसे देता आले नाहीत, एवढ्यावरून अटक होत नाही. करारातलं देणं फेडण्याची ऐपत नाही, केवळ या कारणासाठी कुणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचं अकरावं कलमच सांगतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली एका बँकेच्या वसुलीच्या खटल्यात याच कलमाचा आधार घेतला होता. एके काळी टाकत असत, हे खरं. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ मध्ये लंडनच्या मार्शलसी तुरुंगात देणेकरी म्हणूनच जावं लागलं होतं. इंग्लंडने ही पद्धत १८६९ च्या कायद्याने बहुतांशी मोडीत काढली. फोनवरचा माणूस अजून त्याच्या आधीच्या काळात वावरतोय.

एक पथ्य मात्र पाळा. पैसे नसताना कुणी कितीही गळ घातली तरी पुढच्या तारखेचा चेक लिहून देऊ नका. देणं थकणं वेगळं आणि चेक न वटणं वेगळं. भारतात चेक न वटणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता शिल्लक नाही म्हणून परत गेला तर त्यालाही २००७ च्या कायद्याने तशीच तरतूद आहे. म्हणून तुमचा घराचा जो हप्ता बाऊन्स झाला, तो मला कार्डांच्या वीस फोनांपेक्षा जास्त सलतोय.

तुम्ही कुठल्या देशातून लिहिलंय ते पत्रात नाही, त्यामुळे नियम सांगताना दोन-तीन ठिकाणचे सांगेन. आपल्याला लागू असेल तो घ्यायचा.

मी बँकेत बावीस वर्षं काढली, त्यातली चार कार्डांच्या वसुलीत. कुठली बँक ते सोडा. तुमच्या कानाशी जो फोन वाजतो, त्याची दुसरी बाजू कशी दिसते ते सांगते. एक लांब खोली, चाळीस-पन्नास जण, डोक्याला हेडफोन. नंबर कुणी बोटाने फिरवत नाही, मशीन फिरवतं. तुम्ही उचललात तर तुमचं नाव, थकलेली रक्कम आणि ‘बकेट’ एवढं समोरच्या पडद्यावर येतं. तीस दिवसांपर्यंत थकलेला पहिल्या बकेटमध्ये, साठपर्यंतचा दुसऱ्या, नव्वदपर्यंतचा तिसऱ्या. बोलणं संपलं की एक कोड निवडायचा: उचलला नाही, नंतर करा म्हणाला, नाही म्हणाला, किंवा ‘पीटीपी’, म्हणजे अमुक तारखेला अमुक रक्कम देतो असं कबूल केलं. कोड टाकल्याशिवाय पुढचा फोन लागत नाही. ‘उचलला नाही’ असा कोड पडला, की मशीन तुमचा नंबर काही तासांनी पुन्हा वर आणतं. दिवसाचे वीस फोन म्हणजे वीस माणसांचा तुमच्यावरचा राग नव्हे. एकाच यंत्राने वीस वेळा तोच नंबर फिरवलेला असतो. आणि महिन्याची पंचवीस तारीख उलटली की त्या खोलीतला आवाज चढतो, कारण बकेट पुढे सरकायच्या आत काहीतरी आणायचं असतं. तुमच्या त्या नऊ हजारांची तारीख बघा. महिनाअखेरची निघेल, पैज लावते.

आता हा आवाज एवढा मोठा का? कारण हातात दुसरं काही नाही. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. बँकेकडे तुमची ना वस्तू, ना कागद. आहे तो तुमचा फोन नंबर. घराच्या कर्जवाल्यांचा फक्त एक मेसेज आला म्हणून तुम्ही ते देणं मागे ढकललंत. अहो, त्यांना ओरडायची गरजच नाही, घराचे कागद त्यांच्या कपाटात आहेत. भारतात २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कर्जखातं थकीत ठरलं की ६० दिवसांची नोटीस द्यायची आणि ती उलटल्यावर खटला न भरता घराच्या ताब्याची कारवाई सुरू करायची, अशी सोय त्यांना आहे. कार्डवाल्याला मात्र तुमच्या घराला हात लावायचा तर आधी दिवाणी दावा लावावा लागतो आणि तो जिंकावा लागतो. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात, तसं झालंय इथे. ज्याच्याकडे सगळ्यात कमी, तो सगळ्यात जास्त बोलतो, आणि आपण त्याच्याच हातावर आधी पैसे ठेवतो.

म्हणून क्रम उलटा करा. डोक्यावरचं छप्पर, घरातलं धान्य, औषधं, वीज-पाणी, मुलाची शाळा, आणि ज्यामुळे कमाई चालू आहे तो फोन आणि प्रवास, हे पहिलं. मग तारण ठेवलेली कर्जं. कार्डं या सगळ्यांच्या मागे. कार्डं बुडवा असं मी म्हणत नाहीये. पैसे तुम्ही वापरलेत, ते द्यायचेच आहेत. फक्त रांगेत त्यांची जागा शेवटची, आणि आवाज चढवला म्हणून कुणाला रांग मोडून पुढे घ्यायचं नाही.

त्या नऊ हजारांनी काय मिळालं तेही बघून टाका. थोरल्या कार्डाची मिनिमम रक्कम पाच टक्के धरली तर १४,००० होते, आणि मागचं थकलेलं त्यात मिळवलं की आणखी वाढते. मिनिममपेक्षा एक पैसा कमी भरला तरी तो महिना ‘चुकला’ असाच धरला जातो. म्हणजे कार्डाचा महिना वाचला नाही आणि घराचा हप्ता गेला. तेलही गेलं, तूपही गेलं. बकेट मात्र त्या खोलीत कुणाची तरी भरली.

आणि त्याआधीचे चार महिने? याची टोपी त्याच्या डोक्यावर. मी महिना साडेतीन टक्के व्याज धरते, बऱ्याच कार्डांवर त्याच्या आसपास असतं. तुमच्या स्टेटमेंटवर नेमकं काय आहे ते बघून घ्या. २,८०,००० वर महिन्याचं व्याज झालं ९,८००. तुम्ही १४,००० भरलेत की मुद्दल फक्त ४,२०० ने हललं. ते १४,००० धाकट्यावरून रोख काढलेत. रोख रकमेला व्याजमुक्त मुदत नसते, काढल्या दिवसापासून व्याज लागतं, वर काढण्याची फी. अडीच टक्के फी म्हणजे ३५० आणि महिन्याचं व्याज ४९०. थोरलं ४,२०० ने उतरलं, धाकटं १४,८४० ने चढलं. महिनाभर धावपळ करून, एकही तारीख न चुकवता, कर्ज १०,६४० ने वाढवलंत. धाकट्यावर आधीच असलेल्या रकमेचं व्याज यात धरलेलंच नाही. साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. व्याजावर व्याज चढू दिलं तर वर्षाला ते एक्कावन्न टक्क्यांच्या घरात जातं.

तेव्हा तारखा चुकल्या म्हणून जेवढी शरम वाटतेय, तेवढी वाटून घेऊ नका. त्या चुकल्या नसत्या तर खड्डा आणखी खोल झाला असता. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. इथे अंथरूणच ओढून नेलंय, त्याला पाय काय करणार?

दोन्ही कार्डं आता वापरातून बंद. आधीची बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीलाही व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. कार्डाला जोडलेली महिन्याची वर्गणी, विमा, अ‍ॅपचं काही असेल तर तेही सोडवून घ्या. अजून एक गोष्ट: ज्या बँकेचं कार्ड, त्याच बँकेत पगार जमा होतो का? होत असेल तर दुसऱ्या बँकेत खातं उघडून पगार तिकडे वळवा. थकलेली रक्कम तुमच्याच खात्यातून परस्पर वळती करून घेण्याचा हक्क अनेक बँका करारात लिहून ठेवतात. काही देशांत कार्डाच्या बाबतीत तो वापरायला बंदी आहे, पण करार वाचत बसण्यापेक्षा खातं बदलणं सोपं. यात लबाडी काही नाही. घरखर्चाचा पैसा घरखर्चालाच राहावा एवढंच.

आता हिशोब. महिन्याला तुमच्याकडे ७,००० उरतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत ते घराच्या मागे राहिलेल्या हप्त्यात आणि त्याच्या दंडात जातील, जाऊ द्या. त्या शाखेत मात्र स्वतः जा, फोनवर भागवू नका. नोकरी गेल्याचं पत्र आणि नव्या कंत्राटाची प्रत न्या, आणि मुदत वाढवून हप्ता थोडा खाली आणता येईल का ते विचारा. एकच हप्ता चुकलेला माणूस स्वतःहून दारात आला तर त्याच्याशी नीट बोलतात. तिसऱ्यानंतर टेबल बदलतं.

मग उरलेले सात हजार दोन्ही कार्डांच्या रकमेच्या प्रमाणात वाटा. साधारण ५,००० थोरल्याला, २,००० धाकट्याला. पण थोरल्याचं व्याजच ९,८०० आहे. तुम्ही इमानेइतबारे पाच हजार भरत राहिलात तरी आकडा वरच जाणार. व्याज शून्य केलं तरी थोरलं फिटायला ५६ महिने लागतील. त्यामुळे बँकेशी बोलायचं ते ‘थोडी मुदत द्या’ असं नव्हे. मुदत वाढली की व्याज वाढतं. मागायचं आहे ते व्याज थांबवणं किंवा कमी करणं आणि दंड माफ करणं. वापरलेली रक्कम कमी व्याजाच्या हप्त्यांत बदलून देण्याची सोय बहुतेक बँकांकडे असते. अमेरिकेत याला हार्डशिप प्रोग्रॅम म्हणतात. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची सरकारी योजना आहे. मान्यताप्राप्त कर्जसल्लागारामार्फत अर्ज केला तर ६० दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते. भारतात ठरावीक नावाची एकच योजना नाही, बँकेकडे मागावं लागतं, आणि न मागणाऱ्याला आपणहून कुणी देत नाही.

बोलायचं कुणाशी? वीस वेळा फोन करणाऱ्याशी नाही. त्याच्या हातात कोड निवडण्यापलीकडे काही नसतं. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर तुम्ही करा, नाहीतर बँकेच्या अधिकृत ईमेलवर लिहा. थोरल्याचा तिसरा महिना चुकायच्या आत करा. नव्वद दिवस ही मोठी पायरी आहे. भारतात तिथे खातं थकीत कर्जांत जमा होतं. अमेरिकेत १८० दिवसांनी बँक ते आपल्या पुस्तकात बुडीत दाखवते. बुडीत दाखवलं म्हणजे माफ झालं, असा समज करून घेऊ नका. देणं तसंच राहतं, फक्त मागणारा बदलतो.

आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी वसुलीत होते तेव्हा लोक पहिली दहा मिनिटं हवापाण्यावर काढायचे, मग म्हणायचे, “बघतो, पुढच्या आठवड्यात काहीतरी करतो.” आम्ही पीटीपीचा कोड टाकून मोकळे. पुढच्या आठवड्यात पैसे आले नाहीत की खात्यापुढे ‘पीटीपी मोडला’ असं पडायचं, आणि त्यानंतर त्या माणसाच्या खऱ्या अडचणीवरही कुणी विश्वास ठेवायचं नाही. एक बाई मला आठवतात. त्या पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, “माझ्याकडे महिन्याला अठराशे आहेत. एकोणीसशे म्हणालात तर मी हो म्हणणार नाही, कारण ते मी देऊ शकणार नाही.” मी हेडफोन काढून वरिष्ठांकडे गेले होते. चार वर्षांत अशी मी किती वेळा उठले असेन, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

जे ठरेल ते लेखी आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. आणि भरायचे ते कार्डाच्या खात्यातच. वसुलीवाल्याने ‘माझ्या नंबरवर टाका, मी लावून घेतो’ म्हटलं तर तिथेच बोलणं संपवा.

फोनांबद्दल. भारतात रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेनुसार वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. धमकावणं, नातेवाईक-मित्रांना त्रास देणं, चारचौघांत अपमान करणं, सगळं वर्ज्य आहे. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने बाहेरच्या वसुली कंपन्यांना सकाळी आठ ते रात्री नऊ एवढीच मुभा आहे. तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलला, हे एका वहीत लिहून ठेवा. अटकेची धमकी तर अवश्य लिहा. आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे जा; भारतात तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रारीने कर्ज जात नाही, पण फोन सुधारतात, हे मी आतून पाहिलंय. वहीत नोंदी असलेल्या माणसाचं खातं आमच्याकडे शांत मुलांना दिलं जायचं.

क्रेडिट स्कोअरला धक्का बसलाय, त्याबद्दल आत्ता करण्यासारखं काही नाही. पुढचा धक्का मात्र टाळता येतो. धाकट्याचा एकच महिना चुकलाय, ते आणखी मागे पडायच्या आत बोलून घ्या.

सहा महिन्यांत कमाई वाढली नाही तर बँक कदाचित स्वतःच ‘सेटलमेंट’ पुढे करेल, म्हणजे एकरकमी अमुक द्या, बाकी सोडतो. ऐकायला गोड असतं. पण खातं ‘बंद’ होण्याऐवजी ‘सेटल्ड’ असं नोंदलं जातं आणि ती नोंद पुढची काही वर्षं प्रत्येक नवा कर्ज देणारा वाचतो. अमेरिकेत अशा नोंदी सात वर्षं राहतात, ब्रिटनमध्ये सहा. माझं मत विचाराल तर पहिली पसंती कमी व्याजाच्या हप्त्यांना. पण पाच वर्षं जीव काढून भरत राहायचं आणि आकडा हलायचाच नाही, अशी वेळ आली तर सेटलमेंटमध्ये कमीपणा नाही. फक्त सगळी रक्कम मिटली असं लिहिलेलं पत्र हातात घ्या आणि ते जपून ठेवा. वर्षांनी दुसराच कुणी तोच आकडा घेऊन उभा राहतो, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

आता आईची ठेव. मोडू नका.

चार लाख आणि ३,९५,०००. आकडे इतके जवळ आहेत की देवानेच जुळवून दिल्यासारखे वाटतात, म्हणूनच भीती वाटते. ठेव मोडून कार्डं मिटवलीत तर काय होतं बघा. ज्या देण्यामागे कसलंही तारण नव्हतं, त्याला तुम्ही तुमच्या आईचं म्हातारपण तारण दिलंत. बँकेला पूर्ण व्याजासकट, दंडासकट पैसे मिळाले, एक पैसा न सोडता. आणि उद्या तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तुम्ही पुन्हा कार्डच काढाल. पुढे कधी सेटलमेंटची लेखी रक्कम हातात आली, ती खरंच कमी असली आणि तिच्या औषधपाण्याचे पैसे बाजूला ठेवूनही काही उरत असले, तर तिच्याशी तेव्हा बोला, सगळे कागद तिच्यापुढे ठेवून. ‘मोकळा हो’ असं ती म्हणते तेव्हा तिला आकडा माहीत नसतो, फक्त तुमचा चेहरा दिसत असतो.

झटपट कर्जाचं उत्तर एका ओळीत: आगीतून फुफाट्यात. ‘आम्ही तुमच्या बँकेशी बोलतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांनाही त्याच ओळीत बसवा.

बायकोला आज सांगा. नात्यात पारदर्शकता वगैरे मी इथे बोलत नाही, ते तुम्ही दोघं बघाल. मुद्दा व्यवहाराचा आहे. ३९,००० च्या खर्चात ती पण खर्च करते, आणि ती ज्या आकड्यावर घर चालवतेय तो खोटा आहे. वर ते मूल. सात वर्षांच्या मुलाने ‘ते काका’ ओळखलेत म्हणजे घरात गुपित फक्त एकाच माणसापासून राहिलंय. आकडे तोंडी सांगू नका, दोन्ही स्टेटमेंटं समोर ठेवा. ती चिडेल. चिडू द्या, पण उठून बाहेर जाऊ नका.

बँकेला काय लिहायचं तेही देते, कारण कोरा ईमेल उघडून बसलं की माणूस ‘महोदय’च्या पुढे जात नाही. दोन्ही बँकांना वेगवेगळं पाठवा. थोरल्यासाठी असं:

“महोदय, मी आपला कार्डधारक आहे. अमुक तारखेला माझी नोकरी गेली, त्याचं पत्र सोबत आहे. सध्याचं मासिक उत्पन्न ४६,००० असून आवश्यक खर्च आणि गृहकर्जाचा हप्ता ३९,००० आहे, तपशील सोबत. कार्डावरचं देणं मला मान्य आहे आणि ते फेडायचं आहे. दोन महिन्यांनंतर, म्हणजे अमुक महिन्यापासून, मी दरमहा ५,००० देऊ शकतो, त्याहून जास्त नाही. कृपया आजपासून व्याज आणि विलंबशुल्क थांबवून किंवा कमी करून ही रक्कम हप्त्यांत बदलून द्यावी आणि अटी लेखी कळवाव्यात. तोपर्यंत माझ्याशी या ईमेलवर संपर्क करावा. फोन करायचा झाल्यास संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान करावा. तो मी उचलेन.”

शेवटचं वाक्य खोडू नका. आणि सहाला फोनचा आवाज चालू करून ठेवा.